तोफ न ऐकलेली माणसं

फिलिप पुलमनच्या ‘हिज डार्क मटेरिअल्स’ या तीन भागांच्या मालेतला दुसरा भाग मी आधी वाचला. ठरवून नव्हे. पुण्यात नोकरीला लागले त्या वर्षी रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘द सट्ल नाइफ’ची एक प्रत हाती लागली. तो दुसरा भाग आहे हे मला खोलीवर येऊन पुस्तक उघडल्यावर कळलं. परत जायचा कंटाळा आला म्हणून तसंच वाचायला घेतलं. त्यामुळे ज्या लायराच्या नावानं ही माला जगभर ओळखली जाते, ती मला नंतर भेटली. पहिल्यांदा भेटल्या त्या मिसेस कूपर.

बारा वर्षांचा विल पॅरी आईचा हात धरून, तिला समजावत, जवळजवळ ओढतच एका घराच्या दाराशी आणतो. आईचं मन ठिकाणावर नाही. तिच्या मागावर कुणीतरी आहे अशी तिला सतत भीती. दार उघडतात त्या मिसेस कूपर. विल कधीकाळी त्यांच्याकडे पियानो शिकायचा, एवढीच काय ती ओळख. तो त्यांना विचारतो, आईला थोडे दिवस ठेवून घ्याल का, आणि कुणाला सांगू नका. बाई गोंधळतात. समोर उभी असलेली स्त्री आजारी आहे, मुलगा काहीतरी लपवतोय, हे त्यांना दिसतंय. तरी त्या हो म्हणतात. विल निघून जातो.

मी पुढची कितीतरी पानं मिसेस कूपर परत कधी येतात याची वाट बघत वाचली. मला वाटलं होतं, गोष्ट त्यांचीच आहे. परक्या घरातली वेडसर बाई, एकटी पियानो शिकवणारी म्हातारी आणि त्या दोघींची एकमेकींना होत जाणारी सवय. पण पुलमन मला तिथून थेट सन्डरलंड ॲव्हेन्यूवर घेऊन गेला. ऑक्सफर्डच्या उत्तरेचा हा खराखुरा रस्ता, दुतर्फा हॉर्नबीमची झाडं. तिथं रात्री एक अनोळखी मांजर हवेतल्या कशाला तरी पंजा लावतं आणि दिसेनासं होतं. विल पुढे होऊन बघतो तर हवेत एक खिडकी आहे आणि पलीकडे दुसरं जग. ते मांजर सगळ्या वाचकांच्या लक्षात राहतं. माझ्या मनात मात्र तेव्हापासून एकच गोष्ट घर करून बसली आहे. त्या रात्री आई विलबरोबर असती तर तो खिडकीतून आत गेलाच नसता. तिचा हात धरून पुढे चालत राहिला असता. म्हणजे ते दुसरं जग उघडलं ते आधी मिसेस कूपरनी उघडलेल्या दारामुळे.

अनेक जगांतून फिरणाऱ्या वीर मुलामुलींच्या गोष्टी मी त्यानंतर पुष्कळ वाचल्या. आता माझी भाची तेरा वर्षांची आहे आणि ती ही माला वाचते आहे, म्हणून मीही तिच्याबरोबर पुन्हा वाचते. या खेपेला लायरा आणि विल पुढे धावत राहतात आणि माझी नजर मागे राहिलेल्यांवर रेंगाळते. ज्यांनी दार धरून ठेवलं, ज्यांनी वाट दाखवली, ज्यांच्या अंगावरून ती वाट गेली.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ‘नॉर्दर्न लाइट्स’ १९९५ मध्ये आलं, ‘द सट्ल नाइफ’ १९९७ मध्ये, ‘दि अँबर स्पायग्लास’ २००० मध्ये. लायरा आपल्यासारख्याच पण आपल्या नसलेल्या एका ऑक्सफर्डमध्ये, जॉर्डन नावाच्या कॉलेजात वाढते. तिच्या जगात माणसाचा आत्मा देहाबाहेर, प्राण्याच्या रूपात बरोबर असतो. त्याला डेमन म्हणतात. लहान मुलांचे डेमन रूपं बदलत राहतात. मूल वयात आलं की एक रूप कायमचं ठरतं. डेमनला माणसापासून तोडणं म्हणजे जिवंतपणी मारणं. आणि या तोडण्यातून प्रचंड ऊर्जा सुटते. त्या ऊर्जेनंच पहिल्या भागाच्या शेवटी आकाश फाटतं आणि दुसऱ्या जगाकडे जाणारा पूल उभा राहतो.

ती ऊर्जा ज्याच्यातून काढली जाते तो रॉजर पार्स्लो. जॉर्डन कॉलेजच्या स्वयंपाकघरात काम करणारा पोरगा, लायराचा दोस्त. छपरांवरून पळायला, इतर कॉलेजांतल्या पोरांशी मारामाऱ्या करायला तिच्याबरोबर असणारा. मुलं पळवणारी टोळी त्याला उचलते आणि त्याला सोडवायला म्हणून लायरा उत्तरेकडे निघते. सगळी पहिली कादंबरी या एका पोरापायी घडते. ती त्याला शोधते, सोडवते आणि आपल्या वडिलांकडे, लॉर्ड ॲझरियलकडे घेऊन जाते. त्या दारातला क्षण मला प्रत्येक वाचनात नव्यानं बोचतो. ॲझरियलला त्याच्या प्रयोगासाठी एक मूल हवं आहे. दारात आपलीच मुलगी बघून तो हादरतो. मग तिच्यामागे उभा असलेला रॉजर त्याला दिसतो आणि त्याचा जीव भांड्यात पडतो. स्वतःचं मूल नको, पण स्वयंपाकघरातलं चालेल. पुलमननं त्या सुटकेच्या निश्वासात एका उमरावाचं अख्खं जग भरलं आहे.

२००७ साली या भागावर ‘द गोल्डन कंपास’ हा मोठ्या खर्चाचा सिनेमा निघाला. तो रॉजर जिवंत असतानाच संपतो. मुलं, अस्वल आणि वैमानिक फुग्यातून उत्तरेकडे चालले आहेत आणि सगळं ठीक होणार आहे. पुढचे भाग निघालेच नाहीत. भाचीनं पुस्तकाआधी तो सिनेमा पाहिला होता. पहिल्या भागाची शेवटची पानं वाचून झाल्यावर ती बराच वेळ माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, “मावशी, सिनेमात त्यांनी हे का नाही दाखवलं?” मला तिला धड उत्तर देता आलं नाही. पण मला वाटतं, या मालेचं मर्मच त्या काढून टाकलेल्या प्रसंगात आहे. दुसऱ्या जगाकडे जाणाऱ्या दाराची किंमत कुणीतरी भरतं, आणि बहुतेक वेळा दारातून जाणारा ती भरत नाही. पुढे पुलमन हे आणखी पक्कं करतो. दुसऱ्या भागाच्या नावातल्या सूक्ष्म सुरीनं हवेत पाडलेल्या प्रत्येक खिडकीबरोबर एक स्पेक्टर जन्माला येतो, मोठ्या माणसांचं चैतन्य पिऊन टाकणारं एक भूत. चित्तागाझे हे शहर अशाच भुतांनी रिकामं केलं आहे. तिथली अँजेलिका नावाची मुलगी विलवर दात ओठ खाऊन चालून येते. वाचताना ती आपल्याला खलनायिका वाटते. पण सुरी होती तोवर तिचा भाऊ तुलिओ सुरक्षित होता, आणि ती सुरी विलनं त्याच्याकडून घेतली. तुलिओला स्पेक्टरांनी खाल्लं. अँजेलिकाच्या गोष्टीत विल कोण आहे, हा प्रश्न भाचीला मी विचारला तेव्हा तिनं पुस्तक मिटून ठेवलं.

आता ली स्कोर्सबीविषयी. त्याच्याविषयी थोडक्यात लिहिणं मला जमणार नाही.

ली टेक्सासचा, फुग्यातून उडणारा वैमानिक. त्याचं नाव पुलमननं दोन माणसांवरून घेतलं: वेस्टर्न सिनेमांतला नट ली व्हॅन क्लीफ आणि आर्क्टिकचा दर्यावर्दी संशोधक विल्यम स्कोर्सबी. त्याची डेमन हेस्टर, एक हडकुळी ससी, त्याच्याशी सतत हुज्जत घालणारी. कालव्यांवर नावांतून राहणारे जिप्शन लोक पळवलेल्या मुलांच्या शोधात निघतात तेव्हा ते लीला ठरलेल्या पैशांवर कामाला घेतात. म्हणजे तो भाडोत्री माणूस आहे. हे तो लपवत नाही. एका रात्री उडत्या फुग्यात चेटकिणींच्या राणीशी, सेराफिना पेक्कालाशी, तो मोकळेपणानं बोलतो. हे युद्ध माझं नाही. चार पैसे गाठीला बांधायचे, टेक्सासला परत जायचं, थोडी जमीन घ्यायची, काही गुरं, काही घोडी पाळायची. टोपलीत लायरा झोपलेली आहे, तिला थंडी वाजू नये म्हणून त्यानं तिच्या अंगावर पांघरूण नीट केलेलं आहे, आणि तो युद्ध माझं नाही असं सांगतो आहे. वाचकाला त्या घटकेलाच कळतं की हा माणूस आता टेक्सासला पोचत नाही.

दुसऱ्या भागात तो स्वतःहून एका माणसाच्या शोधात निघतो. स्टॅनिस्लाउस ग्रुमन नावाचा हा माणूस म्हणजे विलचा हरवलेला बाप जॉन पॅरी, हे लीला माहीत नाही. त्याला एवढंच कळलंय की ग्रुमनला एका अशा वस्तूचा ठावठिकाणा माहीत आहे, जी जवळ असेल त्याचं रक्षण करते. ली त्याच्याकडून शपथ घेतो: ते रक्षण लायराला मिळालं पाहिजे. पैशांचं बोलणं केव्हाच मागे पडलेलं असतं. मग शाही फौजेची झेपेलिनं त्यांच्या मागे लागतात आणि दोघं एका अरुंद घळीत येऊन पोचतात. ग्रुमन पुढे डोंगरावर जातो. ली बंदूक घेऊन घळीच्या तोंडाशी बसतो.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे वाचताना दुसरं काही आठवणं शक्य नाही. १६६० चा जुलै, सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा, पावसाची रात्र, घोडखिंड. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातून आम्ही ती गोष्ट शिकलो, आणि कॉलेजात असताना एका पावसाळ्यात मी पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चिखल तुडवत, धुक्यातून चालत गेले होते. खिंडीत पोचल्यावर कुणी बोललं नाही. विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत बाजीप्रभूंनी प्राण सोडला नाही, असं आपण ऐकत आलो आहोत. त्या तोफांमुळे ती गोष्ट सोसवते. मरणारा माणूस ऐकून मरतो की ज्याच्यासाठी थांबलो तो पोचला.

लीसाठी तोफ नाही. हेस्टर गोळ्या मोजते आहे, त्याला ओरडते आहे, धीर देते आहे, त्याच्या खिशातल्या लाल फुलाची आठवण करून देते आहे. ते फूल हातात धरून हाक मारली तर सेराफिना येणार असते. तो हाक मारतो. ती येते, पण उशिरा. शेवटच्या गोळीनं ली झेपेलिन पेटवतो आणि हेस्टर त्याच्या चेहऱ्याशी बिलगलेली असताना मरतो. ग्रुमन पोचला की नाही, हे त्याला कळत नाही. लायराला काही मिळालं की नाही, हे कळत नाही. आपण वाचक तेवढे जाणतो. त्याच रात्री डोंगरावर ग्रुमनची आणि विलची गाठ पडते. सुरी मिळवताना विलची दोन बोटं तुटलेली आहेत आणि रक्त काही केल्या थांबत नाही. ग्रुमन जवळचा लेप लावून ते थांबवतो. बापलेकांना एकमेकांची ओळख पटते न पटते तोच एका चेटकिणीच्या बाणानं तो मरतो. लीनं आपल्या जिवाच्या बदल्यात जेवढा वेळ विकत घेतला, तो एवढाच. एका मुलाच्या हाताचं रक्त थांबायला लागला तेवढा.

खिंडीतल्या त्या चालण्यानंतर कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं की पन्हाळ्याच्या गोष्टीतही तोफ न ऐकलेला एक माणूस आहे. शिवाजी महाराजांचं सोंग घेऊन पालखीत बसलेला शिवा काशिद. तो शत्रूच्या छावणीत मारला गेला. महाराज निसटले की नाहीत, हे त्याला कुणी सांगणार नव्हतं. त्याची समाधी पन्हाळ्याजवळ आहे. मी लहानपणी तिच्यासमोरून अनेकदा गेले असेन, पण थांबले पहिल्यांदा ते ‘द सट्ल नाइफ’ वाचल्यानंतर. दूरच्या देशातल्या एका लेखकानं मला माझ्याच गावाशेजारच्या माणसापाशी आणून उभं केलं, याचं ऋण मी मानते.

तिसऱ्या भागात आपल्या बाजूकडची आणखी एक जणी भेटते. ‘दि अँबर स्पायग्लास’ सुरू होतं ते हिमालयातल्या एका खोऱ्यात. मिसेस कूल्टर ही लायराची आई तिला एका गुहेत औषध पाजून झोपवून ठेवते. गावकऱ्यांना वाटतं, कुणी साध्वी तपाला बसली आहे. तिच्यासाठी भाकरतुकडा घेऊन येते आमा, एका गुराख्याची मुलगी. तिला झोपलेली मुलगी दिसते. तिला वाटतं ही जादूनं झोपली आहे, म्हणून ती डोंगर ओलांडून एका मठातल्या नामांकित वैद्याकडे, पाग्झिन तुल्कूकडे, जाते आणि जागं करायची पूड घेऊन येते. परतल्यावर लपून बघते तर काय, साध्वीनं त्या मुलीला शुद्धीवर येताना पाहिलं, थोबाडीत मारली आणि पुन्हा औषध पाजलं. आमाचा सगळा समज तिथं कोसळतो. ती घाबरते. तरी पूड टाकून देत नाही. विल तिथं पोचतो तेव्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, आणि गोळीबाराच्या गोंधळात, अंधारात, आमा ती पूड लायराला हुंगवते. लायरा जागी होते. आमा आपल्या गावाकडे परत जाते आणि गोष्ट तिच्याशिवाय पुढे सरकते.

मला आमाच्या त्या परतीच्या वाटेवर तिच्याबरोबर चालावंसं वाटतं. घरी जाऊन तिनं काय सांगितलं असेल? आकाशातून यंत्रं आली, एका मुलाच्या हातातल्या सुरीनं हवा कापली गेली आणि ती मुलं दुसऱ्या जगात निघून गेली. बापानं ऐकून घेतलं असेल आणि मग दूध काढायला सांगितलं असेल. गाईगुरांच्या घरात दूध काढायचं थांबत नाही.

शास्त्रज्ञ मेरी मेलोन, आयोरेक अस्वल, तळहाताएवढे गॅलिव्हेस्पियन हेर, यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्यांना सोडून बाल्थामोसकडे वळते, कारण त्याच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. बाल्थामोस देवदूत आहे, पण वरच्या दर्जाचा नव्हे. चिडका, मानी, आणि आपल्या साथीदारावर, बारूकवर, जिवापाड प्रेम करणारा. बारूक निरोप पोचवताना जखमा होऊन मरतो. बाल्थामोस विलला साथ द्यायचं वचन देतो आणि लढाईच्या ऐन वेळी घाबरून पळून जातो. तो पुन्हा दिसतो थेट शेवटाकडे. चर्चनं पाठवलेला मारेकरी, फादर गोमेझ, लायरा आणि विलचा माग काढत एका शांत, उन्हातल्या जगात येऊन पोचला आहे. मुलं दूर चालत चालली आहेत, हातात हात घालून, आणि त्यानं बंदूक रोखली आहे. बाल्थामोस येतो. अंगात त्राण नसलेला, पळपुटेपणाच्या शरमेनं खंगलेला. गोमेझच्या डेमनला, एका हिरव्या भुंग्याला, तो धरतो, दूर ओढतो. झटापटीत गोमेझ ओढ्यात पडतो आणि बुडतो. बाल्थामोसचं काम झालं. तो विरून जातो.

लायराला आणि विलला हे कधीच कळत नाही. ती दोघं पुढे जातात, दुपारचं खातात, एकमेकांवर प्रेम करतात, आणि त्या प्रेमामुळे सगळी जगं वाचतात. पाठीमागच्या झाडीत काय झालं याची त्यांना शंकाही येत नाही. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुलमनवर रागावले होते. एखादं वाक्य तरी लिहायचं होतं, त्यांना कळल्याचं. आता वाटतं, लिहिलं नाही हेच बरं. त्या उन्हातल्या दुपारी त्या मुलांच्या डोक्यावर कुणाच्याही मरणाचं ओझं नसावं, म्हणूनच तर बाल्थामोस आला होता.

काहींना मात्र पुलमन तोफ ऐकवतो. तिसऱ्या भागात लायरा मृतांच्या जगात उतरते. जगाला वाचवायला म्हणून नव्हे, रॉजरची माफी मागायला. सबंध मालेत मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे. नायिका आपल्या स्वयंपाकघरातल्या दोस्ताला विसरत नाही. त्याच्यासाठी ती तिथं जाते जिथून कुणी परतलेलं नाही, आणि त्यासाठी स्वतःच्या डेमनला काठावर सोडून जाते. विल सुरीनं तिथून बाहेर पडायची वाट कापतो. बाहेर पाऊल ठेवणारं पहिलं भूत रॉजरचं. हवेचा, उजेडाचा स्पर्श होताच तो हसतो आणि विरघळून जातो. ली तिथं भेटतो. लायरा त्याच्यासमोर आहे, जिवंत, वाढलेली. पण तो लगेच विरघळत नाही. अजून एक लढाई उरली आहे म्हणून तो भूत होऊन थांबतो, स्पेक्टरांशी लढतो, आणि मग ताऱ्यांकडे वर वर जात हेस्टरच्या कणांना भेटायला मोकळा होतो. त्याचा देह तर आधीच कामी आलेला असतो. त्याचा जुना मित्र आयोरेक उपाशीपोटी दक्षिणेकडे चाललेला असताना लीच्या देहापाशी आला होता आणि त्यानं तो खाल्ला होता. अस्वलांच्या रीतीत मित्राला यापेक्षा मोठा मान देता येत नाही. भाचीला हे वाचून शिसारी येईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “म्हणजे तो परत एकदा त्याच्या बरोबर गेला.”

आणि मग ॲलिस. हे सगळं लिहायला बसले ती खरं तर ॲलिससाठी.

‘नॉर्दर्न लाइट्स’च्या सुरुवातीला जॉर्डन कॉलेजच्या घरकामावर देखरेख करणाऱ्या मिसेस लॉन्सडेल नावाच्या बाई येतात. त्या लायराचे मळलेले गुडघे खसाखसा घासतात, तिला धुवून पुसून कपडे घालतात आणि मोठ्या माणसांच्या जेवणाला पाठवतात. लायराला त्यांचा कंटाळा आहे. वाचकही त्यांच्यापाशी थांबत नाही. १९९५ मध्ये त्या एवढ्याच होत्या.

२०१७ साली पुलमननं ‘ला बेल सोव्हाज’ लिहिलं. लायरा सहा महिन्यांची आहे. गॉडस्टोला टेम्स नदीकाठी ट्राउट नावाची खाणावळ आहे. ती आजही तिथं आहे. खाणावळवाल्याचा अकरा वर्षांचा मुलगा माल्कम आणि तिथंच भांडी घासणारी, फटकळ तोंडाची ॲलिस पार्स्लो. महापूर येतो. दोघं माल्कमच्या छोट्या नावेत त्या बाळाला घालतात आणि पुराच्या लोंढ्यावरून वाहत जातात. या पुस्तकात पुलमननं जादू आणि थरार दोन्ही पुरेपूर घातले आहेत, पण त्याहून जास्त पानं त्यानं दुपट्यांना दिली आहेत. ओलं दुपटं बदलायचं, धुवायचं, वाळवायचं. पावसात लाकडं शोधायची, पाणी उकळायचं, दुधाची पूड कालवायची, बाटली कोमट करायची. हे सगळं ॲलिस करते आणि माल्कमला शिकवते. पाठलाग करणाऱ्या माणसाकडून तिच्यावर भीषण प्रसंग ओढवतो. त्यानंतरही ती उठते आणि बाळाला घेते. शेवटी बाळ जॉर्डन कॉलेजच्या आसऱ्याला पोचतं.

२०१९ साली ‘द सीक्रेट कॉमनवेल्थ’ आलं. लायरा वीस वर्षांची झाली आहे. तेव्हा तिला कळतं की मिसेस लॉन्सडेल म्हणजेच ती ॲलिस. जी बाई इतकी वर्षं तिचे गुडघे घासत होती, कपड्यांवरून बोलत होती, तिनं तिला पुरातून उचलून आणलं होतं आणि कधी एका शब्दानं बोलली नव्हती. पहिल्या पुस्तकापासून इथपर्यंत मध्ये चोवीस वर्षं गेली. मी परत जाऊन ‘नॉर्दर्न लाइट्स’मधला तो अंघोळीचा प्रसंग काढला. शब्द तेच होते. हात मात्र वेगळे दिसले. हे गुडघे त्या हातांनी रांगायच्या आधीपासून धुतलेले होते.

त्या रात्री मला आमच्या शेजारच्या वहिनींची आठवण झाली. झाली म्हणजे किती वर्षांनी झाली, हे सांगायला मला जड जातं.

मी सात वर्षांची असताना आई दोन महिने दवाखान्यात होती. वडिलांना दिवसा नोकरी आणि रात्री तिच्या उशाशी बसणं. एका संध्याकाळी त्यांनी माझा हात धरला, एका पिशवीत माझे दोन फ्रॉक घातले आणि भिंतीपलीकडच्या दारावर थाप मारली. वहिनींच्या पदरी दोन मुलं, दिवसभर शिवणाचं मशीन. वडिलांना नीट विचारताही आलं नाही. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे की. एका ताटानं काय हुतंय?” दोन महिने मी त्यांच्याकडे जेवले, झोपले, शाळेत गेले. आई घरी आली आणि मी परत आले.

आईच्या त्या आजाराविषयी मी आयुष्यात अनेकांना सांगितलं आहे. एकदा मासिकात लिहिलंही आहे. त्यात दवाखान्याचा वास आहे, वडिलांचं गप्प राहणं आहे, आई घरी आली तो दिवस आहे. वहिनी नाहीत. तो लेख मी परत काढून वाचला. एकाही ओळीत नाहीत.

मागच्या दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेले. त्या आता इचलकरंजीला मुलाकडे असतात, ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, कानानं कमी ऐकू येतं. मी त्यांच्याजवळ पलंगावर बसले आणि जे बोलायला गेले होते ते मोठ्यानं बोलले. त्यांनी ते हातानं बाजूला केलं. त्यांना आठवत होतं ते हे की मला दोडक्याची भाजी चालायची नाही आणि झोपताना मी त्यांच्या पदराचं टोक धरायची. मग पुढे काय बोलावं ते सुचेना. म्हणून मी त्यांना एक गोष्ट सांगितली. लांबच्या देशातली. एक मुलगा असतो, त्याची आई आजारी असते, तो तिला घेऊन एका बाईंच्या दारात जातो. त्या बाईंनी तिला ठेवून घेतलं. मग त्या मुलाला हवेत एक खिडकी दिसली, तो दुसऱ्या जगात गेला, त्याला एक सुरी मिळाली, त्यानं मोठमोठे पराक्रम केले.

वहिनी लक्ष देऊन ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.

“आणि त्याची आई?” त्यांनी विचारलं. “ती जेवत हुती का नीट?”